म्हैसूरचा राजवाडा आणि वृंदावन बाग: सांगली-मिरज-साताऱ्याकडून जाणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

दिवाळीची सुट्टी लागली की सांगली-मिरजेतून निम्म्या गाड्या कोकणात उतरतात आणि बऱ्याचशा म्हैसूरची वाट धरतात. तिथून परतलेल्यांची तक्रार बहुतेक वेळा एकच असते: राजवाडा बघितला पण दिवे नाही बघितले, किंवा वृंदावनला गेलो पण पोचेपर्यंत कारंजी बंद. चूक रस्त्यात नसते, आखणीत असते. म्हणून सुरुवात तिथूनच.

म्हैसूरला एकूण किती दिवस काढावेत?

दिवस मोजू नका, संध्याकाळी मोजा. किमान दोन लागतात आणि त्यातली एक रविवारची हवी.

राजवाड्यावरची रोषणाई रविवारी आणि सार्वजनिक सुट्टीच्या दिवशी साधारण सात ते पावणेआठ असते. वृंदावनची संगीत कारंजीही अंधार पडल्यावरच, म्हणजे साडेसहा-सातनंतर सुरू होतात. दोन्हींमध्ये वीस किलोमीटरचं अंतर आणि संध्याकाळची वाहतूक. एकाच संध्याकाळी दोन्ही उरकू म्हणणाऱ्यांचं दोन्हीकडे हुकतं. टूरवाले 'एका दिवसात संपूर्ण म्हैसूर' असं छापतात, त्यात या दोन्हींपैकी एक गोष्ट गाडीच्या काचेतूनच दिसते.

जमणारी आखणी अशी: शुक्रवारी मिरजेहून रेल्वे, शनिवारी सकाळी बंगळूर, दुपारपर्यंत म्हैसूर. शनिवारी संध्याकाळी वृंदावन. रविवारी सकाळी दहाला राजवाड्याच्या दारात, दुपारी जगन्मोहन पॅलेस किंवा विश्रांती, संध्याकाळी सहालाच राजवाड्याच्या आवारात जागा धरायची. सोमवारी सकाळी चामुंडी टेकडी, वाटेत श्रीरंगपट्टण, आणि रात्री बंगळूरहून परतीची गाडी.

शनिवारी वृंदावनला बंगळूरकरांची गर्दी उसळते, त्यामुळे ते सोमवारी संध्याकाळी करावं असं कुणालाही वाटेल. पण मग सोमवारची परतीची गाडी सोडून द्या. बागेतून आठच्या पुढे बाहेर पडून त्याच रात्री बंगळूर स्टेशन गाठणं हा जुगार आहे. सोमवारचा मुक्काम वाढवता येत असेल तरच हा बदल करा.

रविवार जमणारच नसेल तर?

मग कर्नाटक सरकारच्या सुट्ट्यांची यादी बघा, आपल्या नव्हे. १ नोव्हेंबरला कन्नड राज्योत्सव असतो आणि तो बहुतेकदा आपल्या शाळांच्या दिवाळी सुट्टीतच पडतो. २ ऑक्टोबर, २६ जानेवारी, १५ ऑगस्ट आहेतच. आपल्या १ मेच्या महाराष्ट्र दिनाला तिकडे कामगार दिनाची सुट्टी असते, तीही चालते. १९ फेब्रुवारीची शिवजयंतीची सुट्टी मात्र आपली. त्या दिवशी तिकडे नेहमीचा कामाचा दिवस, हे विसरून आखणी करू नका.

इतर दिवशी संध्याकाळी आवारात ध्वनी-प्रकाश कार्यक्रम असतो. त्याचं तिकीट वेगळं, आणि कार्यक्रम कोणत्या भाषेत होणार हे वारावर ठरतं. शेवटी काही मिनिटांसाठी दिवे लावतात. अजिबात न बघण्यापेक्षा बरं, पण पाऊण तास शांतपणे चारी बाजूंनी फिरून बघण्याची सर त्याला नाही.

रेल्वेने कसं जायचं?

मिरज जंक्शन आपल्या दाराशी आहे, हा सांगलीकरांचा मोठा फायदा. पर्याय दोन.

पहिला, थेट म्हैसूर. दादर–म्हैसूर शरावती एक्स्प्रेस आणि अजमेर–म्हैसूर एक्स्प्रेस या दोन्ही पुणे-मिरज-बेळगाव-हुबळी मार्गाने जातात. त्या रोज नाहीत, आठवड्यातल्या ठरलेल्या वारीच धावतात. त्यामुळे आधी गाडीचा वार बघा, मग रजा टाका. उलट केलं की आखणी कोलमडते.

दुसरा, मिरजेहून रोजची राणी चन्नम्मा एक्स्प्रेस. दुपारनंतर निघून दुसऱ्या दिवशी सकाळी बंगळूर. तिथून म्हैसूर १३९ किलोमीटर. त्याच स्टेशनवरून दिवसभर गाड्या आहेत, अडीच-तीन तास धरा. बदलण्याचा त्रास होतो, पण वार तुमच्या हातात राहतो. रविवार साधायचा असेल तर हीच बरी.

साताऱ्याहून निघणाऱ्यांना पुणे-मिरज मार्गावरच्या गाड्यांनी मिरजेला येऊन तिथून बदलता येतं. मधे किमान दोन तास ठेवा.

आरक्षण साठ दिवस आधी उघडतं. दिवाळीच्या आणि मेच्या तारखांना जाण्याचं तिकीट मिळतं आणि येण्याचं अडतं, कारण परतीच्या रविवारी सगळेच परततात. येण्याचं आरक्षण ज्या दिवशी उघडेल तो दिवस कॅलेंडरवर आधी लिहून ठेवा.

स्वतःच्या गाडीने गेलो तर कुठला रस्ता?

सांगलीहून म्हैसूर साडेसहाशे ते सातशे किलोमीटर. जयसिंगपूर-कोल्हापूरमार्गे किंवा मिरज-कागवाड-चिकोडी करून संकेश्वरला पुणे-बंगळूर महामार्गाला लागा. पुढे बेळगाव, धारवाड-हुबळी, दावणगेरे, चित्रदुर्ग.

खरा प्रश्न चित्रदुर्गच्या पुढे येतो. मोबाइलचा नकाशा कधी कधी बंगळूरच्या अंगाने नेतो. रस्ता मोठा आहे खरा, पण नेलमंगलाच्या आसपास संध्याकाळी सापडलात तर दोन तास गेले म्हणून समजा. हिरियूरला महामार्ग सोडून हुळियार, नागमंगला, श्रीरंगपट्टण असा १५० ए क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग धरला तर अंतर वाचतं. हा दोनशे किलोमीटरच्या आसपासचा पट्टा गावागावांतून जातो, गतिरोधक भरपूर, ऊस आणि नारळाचे ट्रॅक्टर बिनदिव्यांचे. दिवसाउजेडीच करा. पहाटे चारला सांगली सोडली आणि जेवणाचे थांबे आवरते घेतले तर संध्याकाळपर्यंत पोचता. मुलं-म्हातारी माणसं बरोबर असतील तर चित्रदुर्गला मुक्काम करा, दुसऱ्या दिवशी सकाळी तिथला किल्लाही होतो.

बंगळूर-म्हैसूर द्रुतगती रस्त्यावर मुख्य मार्गिकेत दुचाकी आणि रिक्षाला बंदी आहे. दुचाकीवरून निघणाऱ्यांनी बाजूचा रस्ता धरायचा.

तिकीट, दार, चपला: आत जाण्याची नेमकी पद्धत काय?

राजवाडा रोज उघडा असतो, सकाळी दहा ते साडेपाच. आठवड्याची सुट्टी नाही. प्रेक्षकांचा प्रवेश दक्षिणेच्या वराह दारातून होतो. पूर्वेचं भव्य जयमार्तंड दार फोटोत दिसतं म्हणून रिक्षावाले तिथे सोडतात आणि मग तटाला वळसा घालत यावं लागतं. रिक्षात बसतानाच 'वराह गेट' म्हणा.

दारात तिकीट, मग सामानाची तपासणी, मग चपलांचा काउंटर. आत अनवाणी जायचं असतं. टोकन मिळतं, ते एकाच माणसाकडे ठेवा. सगळ्यांच्या चपला एका पिशवीत घालून दिल्या की परत घेताना शोधाशोध होत नाही. घरून एक जुनी कापडी पिशवी न्या.

मोजे नक्की न्या. महालातली फरशी थंड असते, पण बाहेर पडल्यावर चपलांपर्यंतची दगडी फरसबंदी दुपारी बारानंतर चटके देते. लहान मुलं तिथे रडतात आणि मोठी माणसं पळतात.

दहाला दार उघडताना आत असलात तर पहिला तास मोकळा मिळतो. अकराच्या सुमारास शाळांच्या बस आणि बंगळूरच्या सहली एकदम येतात आणि मग आतली वाट एकाच दिशेने ढकलत नेणारी रांग होते. दुपारी चारनंतर गर्दी पुन्हा ओसरते, पण मग शेवटची दालनं घाईत जातात.

आत काय काय आहे आणि कशाला वेळ द्यावा?

सरसकट दीड ते दोन तास. रांग तुम्हाला पाऊण तासात बाहेर काढू शकते, म्हणून कुठे थांबायचं हे आधी ठरवून जा.

थोडी पार्श्वभूमी लागेल. या जागी आधी लाकडी राजवाडा होता. १८९७ मध्ये राजघराण्यातल्या जयलक्ष्मम्मण्णी यांच्या लग्नात आग लागून तो जळाला. चौथे कृष्णराज वाडियार तेव्हा लहान होते, कारभार त्यांच्या आई महाराणी केंपनंजम्मण्णी बघत होत्या. त्यांनी हेन्री आयर्विन या इंग्रज वास्तुविशारदाकडे काम दिलं आणि १९१२ मध्ये आजचा राजवाडा पुरा झाला. खर्च ४१ लाखांच्या वर. जुना वाडा आगीत गेला म्हणून नव्या बांधकामात दगड आणि ओतीव लोखंड का एवढं आहे, हे ध्यानात ठेवून आत शिरलात की पुढचं सगळं उलगडतं. भिंती करड्या ग्रॅनाइटच्या, घुमट गुलाबी संगमरवराचे, मधला मनोरा १४५ फुटांचा.

पहिलं येतं गोंबे तोट्टी, म्हणजे बाहुल्यांचं दालन. नवरात्रात बाहुल्या मांडण्याची तिकडची रीत आहे. त्यानंतरच्या हत्तीदारातून आत गेलं की कल्याण मंटप. हा अष्टकोनी लग्नमंडप सगळ्यात जास्त वेळ देण्यासारखा. मान वर करा: छत रंगीत काचेचं, त्यात मोर. लोखंडी खांब आणि काच ग्लासगोहून आलेली. आता खाली बघा: फरशीतही मोराचीच नक्षी. भिंतींवर दसऱ्याच्या मिरवणुकीची २६ चित्रं ओळीने लावली आहेत. ती डावीकडून उजवीकडे सलग बघत गेलात तर मिरवणूक तुमच्या बरोबर पुढे सरकते. चित्रांतले चेहरे त्या काळच्या खऱ्या माणसांचे आहेत, नुसते गर्दीचे ठिपके नाहीत. रांग इथे मंडपाच्या कडेने फिरते, त्यामुळे थांबायचं असेल तर भिंतीकडे सरका.

वाटेत एक मोकळा चौक लागतो, कडेला ब्राँझचे वाघ. लोक ऊन म्हणून तिथून भरभर निघतात. सांगलीकरांनी थांबावं. विजयादशमीला राजवाड्याच्या चौकात वज्रमुष्टीची कुस्ती होते: पैलवानांच्या मुठीत काटेरी आयुध असतं आणि प्रतिस्पर्ध्याच्या डोक्यातून रक्ताचा पहिला थेंब आला की लढत संपते. लढत मिनिटभरात आटोपते, आणि ती झाल्याशिवाय मिरवणुकीचं पुढचं काम सुरू होत नाही.

वरच्या मजल्यावर सार्वजनिक दरबार. खांबांची लांबच लांब रांग, समोर उघडं मैदान, आणि भिंतीवर राजा रविवर्म्याची चित्रं. त्याला लागून खासगी दरबार, अंबाविलास. याच्या दारांकडे नीट बघा, हस्तिदंत जडवलेलं शिसवी दार आणि चांदीची दारं. इथली रांग जिन्याकडे उतरायला घाई करते. उतरलात की परत वर जाता येत नाही.

सोन्याने मढवलेली अंबारी साडेसातशे किलोची आहे आणि दसऱ्याला चामुंडेश्वरीची मूर्ती तीतूनच निघते. रत्नसिंहासन मात्र फक्त नवरात्रात जोडून मांडतात. एरवी गेलात आणि 'सिंहासन कुठे' म्हणून शोधत बसलात तर वेळ वाया जाईल.

मागच्या बाजूला राजघराण्याचं निवासी संग्रहालय आहे, त्याचं तिकीट वेगळं. वेळ कमी असेल तर सोडा. तटाच्या आत बारा देवळं आहेत. श्वेतवराहाचं देऊळ वराह दाराजवळच आहे, तेवढं करा.

गाइड घ्यावा की ऑडिओ गाइड?

दोन-चार माणसं असाल तर ऑडिओ गाइड, हिंदीत मिळतो. दहा-पंधरांचा गट असेल तर ओळखपत्र लावलेला गाइड परवडतो. पैसे आत शिरण्याआधी ठरवा, आणि 'दालनांच्या बाहेरचं काही दाखवणार नाही' हेही. त्यामागचं कारण पुढच्या प्रश्नात.

रिक्षावाला म्हणतो 'आज राजवाडा बंद आहे'. खरं असतं का?

जवळपास कधीच नाही. ही जुनी युक्ती. 'तोवर अत्तर-अगरबत्तीचा कारखाना दाखवतो' असं म्हणून दुकानात नेतात, तिथे त्यांना कमिशन असतं. दारापर्यंत जाऊनच खात्री करा.

खरोखर बंद असण्याचे प्रसंग दसऱ्याच्या आसपास येतात: सिंहासन जोडण्याचा दिवस, राजघराण्याच्या पूजेचे तास, आयुधपूजा आणि विजयादशमी.

मग दसऱ्यातच गेलो तर बरं की नको?

हे तुम्ही काय बघायला जाताय त्यावर आहे. राजवाडा आतून बघायचा असेल तर नवरात्राचे शेवटचे दिवस टाळा. प्रवेश कधीही बंद होतो आणि खोल्यांचे दर दुपटीच्या पुढे जातात. रोषणाई बघायची असेल तर उलट हीच वेळ, कारण तेव्हा ती रोज असते.

आमचा सल्ला नवरात्राच्या पहिल्या तीन-चार दिवसांचा. दिवे रोज, गर्दी सोसण्याइतकी. विजयादशमीची जंबो सवारी, म्हणजे हत्तींची मिरवणूक, राजवाड्यातून निघून बन्नीमंटपापर्यंत जाते. ती रस्त्याकडेला उभं राहून बघायची तर सकाळपासून जागा अडवून बसावं लागतं. लहान मुलं असतील तर टीव्हीवर बघा, जास्त दिसेल.

फोटो कधी आणि कुठून चांगले येतात?

राजवाड्याचं तोंड पूर्वेला आहे. म्हणजे सकाळी दर्शनी भागावर ऊन असतं आणि दुपारनंतर सूर्य मागे जातो. दिवसाचे फोटो दहा ते साडेअकरा. आतल्या फोटोंचे नियम बदलत आले आहेत. दारावरचा फलक वाचा आणि फ्लॅश बंदच ठेवा.

रोषणाईचे फोटो काढताना सगळे दिवे पूर्ण लागल्यावर मोबाइलमध्ये नुसता पिवळा भडका येतो. सुमारे ९७,००० बल्ब एकदम असतात, कॅमेरा गोंधळतो. पडद्यावर राजवाड्यावर बोट दाबून उजेड खाली ओढा. उन्हाळ्यात सात वाजता आकाशात थोडी निळाई शिल्लक असते, पहिली दहा मिनिटं फोटोला आणि उरलेला अर्धा तास डोळ्यांना द्या. पावसाची सर आली तर फरसबंदी ओली होऊन प्रतिबिंब पडतं, म्हणून लगेच आडोशाला पळू नका. जोराचा पाऊस असेल तर मात्र रोषणाई थांबवतात.

पावणेआठला दिवे विझले की सगळी गर्दी एकाच वेळी दारांवर येते आणि रिक्षांचे भाव चढतात. सिटी बसस्थानक राजवाड्याला लागूनच आहे, तिकडे चालत जा. रेल्वे स्टेशनही दोन किलोमीटरच्या आसपास.

राजवाड्याला स्वतःची बाग आहे ना? मग वृंदावन वेगळी का?

राजवाड्याभोवती हिरवळ आणि आखीव वाफे आहेत, फिरायला छान. डिसेंबरच्या अखेरीस तिथे फुलांचं प्रदर्शन भरतं, तेव्हा गेलात तर बागेसाठी वेगळा तास ठेवा. एरवी ती राजवाड्याची चौकट आहे, त्याहून अधिक अपेक्षा नको.

वृंदावन म्हणजे कृष्णराजसागर धरणाच्या पायथ्याची बाग, शहरापासून वीस किलोमीटर. धरणाचं काम १९११ मध्ये सुरू झालं, विश्वेश्वरय्या मुख्य अभियंता होते. बांधकाम सिमेंटचं नाही, चुना आणि विटांच्या भुकटीच्या सुरखीचं. पुढे दिवाण मिर्झा इस्माईल यांनी पायथ्याशी सुमारे साठ एकरांत पायऱ्यापायऱ्यांची बाग उभी केली, १९३२ च्या सुमारास ती पूर्ण झाली. (साठा ४९ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट. कोयनेच्या १०५ टीएमसीची सवय असलेल्या सातारकरांना धरण छोटं वाटतं. मंड्या-म्हैसूरच्या शेतीला मात्र ते तेवढंच मोलाचं.)

वृंदावनला किती वाजता पोचायचं?

साडेचारला. लोक साडेसहाची वेळ ऐकून सहाला शहरातून निघतात आणि इथेच घोटाळा होतो.

हिशेब असा. शहरातून पाऊण ते एक तास. शनिवार-रविवारी शेवटच्या दोन-तीन किलोमीटरवर गाड्या तुंबतात, तिथे अर्धा तास आणखी. पार्किंग, तिकीट, तपासणी मिळून वीस मिनिटं. आणि संगीत कारंजं दाराजवळ नाही, बागेच्या दुसऱ्या टोकाला, पाण्यापलीकडे आहे. पूल ओलांडून तिथवर वीस-पंचवीस मिनिटांची चाल आहे. सहाला निघालेला माणूस कारंज्यापाशी पोचेपर्यंत लोक परत निघालेले असतात.

साडेचारला आत आलात तर उजेडात पायऱ्यांच्या बागा होतात, बोटिंग करायचं तर तेही होतं, कारण ते अंधाराआधी बंद करतात. साडेपाचला कारंज्याच्या दिशेने निघा. पायऱ्यांवर मधल्या उंचीवर बसा: अगदी खालच्या ओळीत वाऱ्याने तुषार अंगावर येतात आणि वरून माणसांची डोकी दिसतात. पहिला खेळ संपला की लगेच उठून चालू लागलात तर परतीच्या रांगेच्या अर्धा तास पुढे राहता. दिव्यांतली बाग याच परतीच्या वाटेवर मिळते, तिच्यासाठी वेगळं थांबायला नको.

धरणाच्या माथ्यावर सर्वसामान्यांना जाऊ देत नाहीत. वाटेत कुणी 'वर नेऊन दाखवतो' म्हणालं तर पैसे देऊ नका.

सिटी बसस्थानकावरून बस आहेत, पण परतीला रात्री उभ्यानेच यावं लागतं. पाच-सहा जण असाल तर येण्या-जाण्याची आणि थांबण्याची गाडी ठरवा. थांबण्याचे तास आधी बोलून घ्या, नाहीतर सातला चालकाचा फोन सुरू होतो.

आजी-आजोबांना झेपेल का?

राजवाडा झेपतो, जिने आहेत पण सावकाश चढता येतात. अडचण रांगेत बसायला जागा नसण्याची आहे, म्हणून दहाचीच वेळ धरा. वृंदावनची चाल आणि पायऱ्या गुडघेदुखी असलेल्यांना जड जातात. त्यांना अलीकडच्या बागेत बाकावर बसवून, भेटण्याची जागा ठरवून पुढे जा. अंधारात गर्दीत फोन लागेलच असं नाही.

चामुंडी टेकडीला हजारावर पायऱ्या आहेत, पण गाडीरस्ता देवळापर्यंत जातो. पायऱ्यांच्या वाटेवर, साधारण सातशेव्या पायरीपाशी भला मोठा नंदी आहे, तिथेही गाडीने जाता येतं. आषाढातल्या शुक्रवारी मात्र टेकडीवर पाय ठेवायला जागा नसते.

जगन्मोहन पॅलेस पाहण्यासारखा आहे का?

मराठी माणसाने तर चुकवूच नये. मुख्य राजवाड्यापासून चालत दहा-पंधरा मिनिटांवर, १८६१ मधला वाडा. राजवाडा जळाल्यावर राजघराणं इथे राहिलं. आता चित्रसंग्रह आहे. रविवर्म्याची चित्रं आहेतच, पण जिच्यापुढे लोक गप्प उभे राहतात ती हातात समई घेतलेली स्त्री सावंतवाडीच्या सावळाराम हळदणकरांनी रंगवलेली आहे. अंधाऱ्या खोलीत ठेवलेलं हे जलरंगातलं चित्र. दिव्याचा उजेड तिच्या चेहऱ्यावर आणि बोटांच्या फटींत बघा. कितीतरी जण रविवर्म्याचं समजून पुढे जातात.

श्रीरंगपट्टणसाठी वेगळा दिवस हवा का?

नको, अर्धा दिवस. म्हैसूरपासून पंधरा-सोळा किलोमीटर, बंगळूरच्या वाटेवरच. दरिया दौलत बागेतला टिपूचा १७८४ चा सागवानी महाल आधी करा: बाहेरच्या भिंतींवर इंग्रजांविरुद्धच्या पोल्लिलूरच्या लढाईचं चित्र आहे, ऊन तिरपं असताना स्पष्ट दिसतं. मग रंगनाथस्वामींचं देऊळ.

१७९२ मध्ये याच किल्ल्याला इंग्रज, निजाम आणि मराठ्यांनी वेढा घातला. त्या युद्धात मराठ्यांकडून हरिपंत फडक्यांबरोबर तासगावचे परशुरामभाऊ पटवर्धन होते. तासगावच्या गणपतीचं सात मजली गोपूर दक्षिणी वळणाचं का, याचं उत्तर भाऊंच्या कर्नाटकातल्या या मोहिमांत आहे. रंगनाथस्वामींच्या गोपुरासमोर उभं राहून वर बघितलंत की सांगायला लागणार नाही. १७९९ मध्ये टिपू पडल्यावर पाच वर्षांचे तिसरे कृष्णराज गादीवर आले आणि राजधानी म्हैसूरला गेली.

कोणत्या महिन्यात जावं?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. म्हैसूर साडेसातशे मीटरच्या वर असल्यामुळे मे महिन्यातही सांगलीसारखी काहिली होत नाही, फक्त संध्याकाळी वळीव येतो. ऑक्टोबर कोरडा समजू नका: आपल्याकडचा पाऊस आटोपलेला असतो, तिकडे तो जोरात असतो. लवकर येणाऱ्या दिवाळीत छत्री न्याच.

खाण्याचं काय?

हाल होत नाहीत. डोसा-इडली कुठेही चांगली मिळते. वृंदावनच्या आत मात्र खाणं महाग आणि सुमार. डबा किंवा भडंगाची पिशवी जवळ असू द्या आणि कागद-प्लास्टिक परत आणा. म्हैसूरपाक राजवाड्याच्या मुदपाकखान्यात जन्मला असं सांगतात. गावाला न्यायचा तर परतीच्या दिवशीच घ्या, तुपाचा ताजा असतो तोवरच गंमत.

रेशीम कुठून घ्यावं?

कर्नाटक सरकारच्या रेशीम महामंडळाच्या दुकानातून. तिथल्या प्रत्येक साडीवर क्रमांक विणलेला असतो, तो बिलाशी ताडून घ्या. रिक्षावाल्याने नेलेल्या 'फॅक्टरी'त हा क्रमांक नसतो.

शाळेची सहल न्यायची आहे. काय काळजी घ्यावी?

मुख्याध्यापकांचं शाळेच्या शिक्क्याचं पत्र आणि विद्यार्थ्यांची यादी मूळ प्रतीत न्या, सवलतीसाठी ती खिडकीवर मागतात. फोनमधला फोटो चालेल असं गृहीत धरू नका. डिसेंबर-जानेवारीत कर्नाटकातल्या शाळांच्याही सहली असतात, म्हणून मंगळवार ते गुरुवार बघा. मात्र प्राणिसंग्रहालय मंगळवारी बंद असतं. यादीत ते असेल तर बुधवारी ठेवा. मधल्या वारी गेल्यावर रोषणाई हुकते हे पालकांना आधीच सांगून टाका.

चपलांच्या काउंटरवर पन्नास मुलं म्हणजे वीस मिनिटं. दहा-दहाचे गट, प्रत्येक गटाची एक पोती-पिशवी, टोकन शिक्षकाकडे. वृंदावनमध्ये अंधार पडायच्या आत मोजणी, कारंजं संपल्यावर जागेवरच दुसरी मोजणी, आणि बसमध्ये तिसरी. पुलावर मोजू नका, मागची गर्दी ढकलत असते.